पाचाची दोरी

खुंटीला एक वाईट खोड असते, ती बोलत नाही. लोटूला हे यंदाच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या, लागवडीत कळलं. दोरीचं एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं आपण ओढून धरायचं, मग दोरीच्या कडेने जात, तिला बांधलेली चिंधी दिसेल तिथे खड्ड्याची खूण करायची. ओळ संपली की आपणच मागे चालत जायचं, खुंटी उपटायची, पुढे सरकवून पुन्हा ठोकायची. ना कुणी "पप्पा, ऊन लागून राहिलं" म्हणून कुरकुरणार, ना कुणी मधेच टोक सोडून बोरं वेचायला पळणार. दोन ओळी झाल्या की लोटू बांधावर टेकायचा आणि खुंटीकडे डोळे वटारून बघायचा. खुंटीवर राग काढणारा माणूस बऱ्हाणपूरकडच्या तुकईथड गावात तो पहिलाच असावा.

त्या टोकाला अकरा वर्षं त्याची लेक कोमल उभी होती.

केळी डोळ्याच्या अंदाजाने लावत नाहीत, दोरीवर लावतात. लोटूच्या घरची दोरी तर गावात नावाजलेली. लोटूच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, अंबाडीची दोरी वळली होती आणि आपला लाल रुमाल फाडून त्याच्या चिंध्या पाच-पाच फुटांवर बांधल्या होत्या. सगळं गाव तिला 'आबांची पाचाची दोरी' म्हणायचं. लग्नाच्या मांडवाचे खांब एका रेषेत यावेत म्हणून लोक ती मागून न्यायचे आणि परत देताना हळदकुंकू लावून द्यायचे. लहानपणी लोटू तिचं दुसरं टोक धरायचा, तेव्हा आबा या टोकावरून ओरडायचे, "ताणून धर रे लोट्या! ढिली दोरी अन् ढिला माणूस, दोन्ही कामाचे नाहीत!" तो आवाज लोटूला अजून सकाळच्या हवेत ऐकू यायचा. आबा जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण आवाजाला कोण वर्षं लावणार?

कोमल सहा वर्षांची असताना पहिल्यांदा शेतात आली. लोटूने इकडून दोरी ओढली आणि ती चिमुरडी तोंडावर चिखलात पडली. तो धावत गेला. बघतो तर नाकातोंडात माती, पण मूठ घट्ट मिटलेली. "पप्पा, मी नाही सोडली!" ती म्हणाली. लोटूने ते वाक्य जपून ठेवलं. पाहुणे आले की सांगायचा, सांगताना हसायचा, आणि त्याचे डोळे भरून यायचे. मग बायको सिंधू म्हणायची, "झालं यांचं पुराण सुरू."

सिंधूचं माहेर कागद मिलच्या कॉलनीतलं. तिचे वडील मिलमध्ये होते, आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या चारुलताचेही. दोघींचे वडील मिलमधून फाटका, टाकाऊ कागद घरी आणायचे, आणि दोघी मैत्रिणी ओसरीवर पालथ्या पडून त्याच्यावर घरं काढायच्या. सिंधूच्या घराला नेहमी दारासमोर तुळस असे. चारुलताच्या घराला जिना असे, आणि जिना कुठून निघून कुठे जातो यावरून दोघींची रोज मारामारी. बारावीनंतर सिंधूचं लग्न झालं आणि चारुलता आर्किटेक्ट व्हायला भोपाळला गेली. कॉलनीत तो शब्द कुणाला उच्चारता येत नव्हता. तिची आई "नकाशे काढायच्या शाळेत गेली" म्हणून वेळ मारून न्यायची. जाताना वडिलांनी तिला कोऱ्या कागदाची एवढी जाडजूड गुंडाळी बांधून दिली, की कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागत होता.

तीच चारुलता पुढे बऱ्हाणपुरात परतली. कॉलनीतलाच निरंजन आणि केळीवाल्याचा मुलगा भूपेंद्र, असे तिघे मिळून त्यांनी तिथल्या शनवारा भागात एका दुकानावर ऑफिस थाटलं आणि गेली सात वर्षं दर रविवारी तिथे पोरांचा फुकट वर्ग चालवला. शेतकऱ्यांची पोरं, मिलवाल्यांची पोरं, कुणीही यावं. "आपल्याकडे घरं बांधणारे हात हजार आहेत," चारुलता म्हणायची, "पण घराचा कागद, म्हणजे नकाशा, काढायला माणूस बाहेरून बोलवावा लागतो. का म्हणून?" तिच्या वर्गातली चार पोरं कॉलेजात गेलीही होती. सिंधूने कोमलला अकरावीत तिथे धाडलं, ते लोटूला न विचारताच.

लोटूने सुरुवातीला त्याकडे कानाडोळा केला. पोरगी रविवारी बसने जाते, संध्याकाळी येते, हाताला पेन्सिलीचा काळा रंग लागलेला असतो. यात वाईट काय? पण बारावीच्या वर्षी माघात ती भाकरी खाता खाता म्हणाली, "पप्पा, आर्किटेक्चरची एन्ट्रन्स आहे. इंदौरला सेंटर आहे. नंबर लागला तर भोपाल."

"किती दिवस?"

"पाँच साल."

"पाच साल म्हणजे काय, फुर्रकन जातात," सिंधू घाईने म्हणाली.

लोटू पाणी प्यायला. "बघू," तो म्हणाला. बापाचं 'बघू' म्हणजे काय, हे जगातल्या सगळ्या लेकींना कळतं. कोमलला ते कळलं आणि तिने ताट उचललं.

मग ते शेडचं काम निघालं. गावाबाहेर पंपघराजवळ केळीचा माल धुऊन खोक्यांत भरतात. सावली नाही. बाया डोक्यावर पदर आणि पदरावर केळीचं पान ठेवून दिवसभर उन्हात बसतात. चारुलताच्या वर्गाने ठरवलं, यंदा पोरांनी खरोखरचं काहीतरी उभं करायचं. शेड तुकईथडात, आणि कागद कोमलचा. भूपेंद्रने पाईप-पत्र्यांची सोय लावली, खड्डे गावाने खणायचे ठरलं. अनंतदादा, लोटूचे थोरले चुलतभाऊ, पारावर बसून म्हणाले, "आमच्या पोरीचा कागद निघून राहिला म्हणे." तेव्हा ती 'आमची पोरगी' होती.

चारुलताची शिकवायची एक रीत होती. पोरांच्या हाती ती एकदम टेप देत नसे. "आधी आपल्या घरातल्या मापाने मोजा," ती सांगायची. "हाताने मोजा, पावलाने मोजा. तुमच्या आजोबांनी कशाने मोजलं ते विचारा." बाकीची पोरं पावलं टाकत बसली. कोमलला पावलं कशाला हवीत? तिच्या घरात आबांची पाचाची दोरी होती. पंपघरापासून कडुनिंबापर्यंत आठ चिंध्या भरल्या. आठ पंचे चाळीस. चाळीस फुटांचे दहा-दहाचे चार गाळे, असा तिने सुबक कागद काढला. शाहपूरच्या वेल्डरने त्यावरून आडव्या पाईपा दहा फुटांना कापून ठेवल्या. मग आखणीच्या दिवशी बाप-लेकीने पुन्हा तीच दोरी धरली आणि दर दोन चिंध्यांना कोमलने चुन्याची खूण केली. गोटू मिस्त्री टेप घेऊन आला होता, पण त्याने तो पिशवीतून काढलासुद्धा नाही. लोटूभाऊची दोरी असताना टेप काढणं म्हणजे आबांचा अपमान, असं त्याचं म्हणणं पडलं.

उभे खांब खड्ड्यांत सिमेंटने पक्के झाले. आठ दिवसांनी पहिली आडवी पाईप वर चढवली. एक टोक खांबावर टेकलं आणि दुसरं हवेत राहिलं. दुसरी पाईप चढवली, तीही तशीच. फूटभर कमी. गोटूने आता टेप काढला. कागदावर दहा, जमिनीवर अकरा.

सगळं गाव जमलं होतं. बाया खोकी टाकून उठल्या होत्या.

"दोरी कशी चुकंल भाऊ?" गोटू डोकं खाजवत म्हणाला. "आबांची दोरी हाये ती. पोरीनं ढिली सोडली असंल."

"घ्या!" अनंतदादा म्हणाले. "अन् हिला बिल्डिंगा बांधाले भोपालले पाठवून राहिले."

लोक हसले. वाईट हेतूने नाही, गाव हसतं तसं हसले. कोमलचा चेहरा पांढरा पडला. तिने लोटूकडे पाहिलं आणि हळू म्हणाली, "पप्पा, मी नव्हती सोडली ढिली."

तिने सोडली नव्हतीच. ढिल्या दोरीने अंतर कमी भरतं, वाढत नाही, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही समजावं. पण गर्दीत डोकं कोण चालवतो? एकट्या लोटूचं चाललं होतं. त्याला त्याच क्षणी सगळं कळलं होतं.

ती दोरी पाचाची नव्हती. सोळा वर्षांपूर्वी केळीची टिशूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं आली. दुकानदार म्हणाला, झाडाला साडेपाच फूट तरी मोकळं सोडा. आबा ऐकेनात. "माझ्या बापानं पाचावर लावली, तू काय त्याच्यापेक्षा शहाणा?" असं दोन वर्षं चाललं, आणि तो वाद न मिटताच आबा गेले. तेराव्यानंतर लोटूने जुनी विरलेली दोरी सोडून नवी घेतली, आबांच्या त्याच लाल चिंध्या साडेपाचावर बांधल्या, आणि नाव मात्र तेच राहू दिलं. दोरी बदलली हे सांगायचं म्हणजे आबा चुकले असं सांगणं. मेलेल्या बापाशी कोण भांडतो? पुढे घड भारी यायला लागले. लोक म्हणायचे, आबांच्या पाचाच्या दोरीत गुण आहे बुवा. लोटू मान डोलवायचा. हळूहळू त्यालाही ती पाचाची वाटू लागली होती.

त्या दिवशी एक वाक्य बोलला असता तर काम भागलं असतं. तो बोलला नाही. आधी वाटलं, चारचौघांत आबांची अब्रू जाईल. घरी येईपर्यंत त्याला स्वतःचंच खरं कारण दिसलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आपण गप्प राहिलो तर पोरगी जाणार नाही. दोरीचं दुसरं टोक रिकामं पडणार नाही. करायचं काहीच नाही, नुसतं तोंड मिटून बसायचं. इतकं सोपं पाप त्याच्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं.

पंधरा दिवस गेले. कोमल दोन रविवार वर्गाला गेली नाही. ती कागद पसरून पुन्हा पुन्हा बेरीज करायची आणि पुन्हा चाळीसच यायचे. सिंधूने फॉर्मची आठवण करून दिली, शेवटची तारीख सोमवारची होती. कोमल म्हणाली, "रहने दे मम्मी. मेरे बस का नहीं है. एक शेड नाही जमली मला." मग उठून तिने लोटूला विचारलं, "पप्पा, उद्या कोणत्या वावरात जायचं?"

लोटूला हेच तर हवं होतं. आणि आता ते हातात आलं तर त्याला जेवण जाईना. खांब नुसते उभे होते, त्यांच्याखाली बाया उन्हात बसल्या होत्या आणि घरात ही पोरगी मान खाली घालून भाकरी थापत होती. सहा वर्षांची असताना चिखलात पडूनही जिने दोरी सोडली नाही, तिने आता सोडली होती. आणि ती त्याने सोडायला लावली होती.

रविवारी सकाळी त्याने मोटारसायकल काढली. "चल, शनवाऱ्यात काम आहे," एवढंच तो म्हणाला. रस्ता दीड तासाचा होता. लोटूच्या हँडलला एक पिशवी लटकत होती.

वर्ग भरलेला होता. पंधरा-वीस पोरं, भिंतीवर कागद. चारुलता मिलच्या दिवसांतली तिच्या वडिलांची गोष्ट सांगत होती, ती कोमलला बघून थांबली. "आलीस? ये. तुझा कागद मी तीनदा तपासला बाळा, मला चूक सापडत नाही."

"बाई," लोटू दारातूनच म्हणाला, "जरा टेप द्या."

त्याने पिशवीतून दोरी काढून टेबलावर ठेवली. पोरं माना उंच करून बघू लागली. "कोमल, मोज."

"काय मोजू?"

"दोरी."

कोमलने पहिल्या चिंधीवर टेप धरला, दुसरीपर्यंत नेला, आणि थबकली. मग दुसरी ते तिसरी मोजली. तिसरी ते चौथी मोजली. "पप्पा, ही तर साडेपाच आहे."

"हाव." लोटूने डोक्यावरची टोपी काढली. "आबा गेले त्या साली मी चिंध्या सरकवल्या. नाव नाही बदललं. आबांपुढे हिंमत नव्हती, ते गेल्यावरही नाही झाली." इथवरचं अवघड नव्हतं, अवघड पुढेच होतं. "अन् ज्या दिवशी पाईप कमी पडली ना, त्या दिवशीच मला समजलं होतं."

पोरांनी पेन्सिली खाली ठेवल्या.

"पंधरा दिवस?" कोमल म्हणाली. "पप्पा, मैं पंधरा दिन से सोई नहीं हूँ. काहून नाही सांगितलं?"

"तू गेली तं दोरी कोण धरंल, एवढंच आलं मनात." वीस पोरांसमोर, एका बाईमाणसासमोर तो ढसाढसा रडला. कोमल त्याच्याजवळ गेली नाही. ती टेप हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि तिलाही रडू आवरेना.

चारुलताने लोटूला खुर्ची दिली आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग कोमलकडे वळली. "लोटूभाऊंचं झालं. आता तुझं. दोरी न मोजता हातात घेतलीस, ही तुझी चूक."

"मॅडम, घरची दोरी होती."

"म्हणूनच. घरचं माप माणूस तपासत नाही. आणि टेप न देता तुला पाठवलं, तिथे येऊन स्वतः बघितलं नाही, ही माझी चूक. पंचवीस वर्षं काम करून मला हे कळू नये!" ती स्वतःवरच चिडली होती. मग तिने खणातून आपला जुना पिवळा टेप काढला आणि कोमलच्या हाती दिला. "आता यापुढे आधी माप मोजायचं, मग त्याने मोजायचं. माप बापाचं असलं तरी."

परतताना खकनार गाव मागे पडल्यावर मागून कोमलचा आवाज आला, "पाईपांना फूटभराचा तुकडा वेल्ड केला तर चालंल. खांब हलवायची गरज नाही. मी हिशेब केला."

"हाव," लोटू म्हणाला. त्याला एवढं बरं वाटलं की त्याने उगाचच हॉर्न वाजवला.

त्याच संध्याकाळी फॉर्म भरला गेला. सोमवारी लोटूने पारावर जाऊन अनंतदादांना आणि गोटूला सगळं सांगितलं. गोटूने दोन दिवस तोंड फिरवलं, आबांच्या दोरीची अशी गत व्हावी हे त्याला सहन होईना. तिसऱ्या दिवशी वेल्डरला घेऊन तोच आला. शेड उभी राहिली. प्रत्येक आडव्या पाईपेला फूटभर जोड आहे आणि जोडावरचा रंग थोडा वेगळा दिसतो. केळी भरणाऱ्या बाया सावलीत बसून वर बोट दाखवतात, "हा पाहा लोटूभाऊचा फूट." लोटू तिथून जाताना मान खाली घालतो, पण मनातून हसतो.

कोमलचा नंबर लागला. पावसाळ्यात ती भोपाळला गेली आणि कांदेबागेच्या लागवडीला लोटूच्या वाट्याला खुंटी आली.

दिवाळीला कोमल घरी आली. लोटूने सहा ओळी तशाच राखून ठेवल्या होत्या. रोपं कमी पडली असं सिंधूला सांगितलं होतं, आणि रोपं तर विहिरीमागे पोत्याखाली ओली करून ठेवलेली. सिंधूला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाडव्याच्या सकाळी बाप-लेक शेतात गेले.

"ही कोण?" कोमलने खुंटीकडे बोट केलं.

"तुझ्या जागी ठेवली. कामाला बरी आहे, पण घुमी आहे."

कोमल हसली. तिने खुंटी उपटून बांधावर फेकली. लोटूने दोरी उलगडली आणि नेहमीसारखं दुसरं टोक तिच्यापुढे धरलं. अकरा वर्षं ते टोक पुढे केलं की तिने न बघता घेतलं होतं.

या खेपेला तिने घेतलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून पिवळा टेप काढला, मातीत गुडघे टेकले आणि पहिली चिंधी ते दुसरी चिंधी मोजू लागली. मग दुसरी ते तिसरी. लोटू टोक हातात धरून उभा राहिला. आपला शब्द आपल्याच लेकीने असा तपासून घ्यावा, हे त्याला लागलं. खरंच लागलं, आत कुठेतरी सुई गेल्यासारखं. आणि तरी त्याची नजर तिच्यावरून हलेना. एकही चिंधी न सोडता, घाई न करता, ती शेवटपर्यंत मोजत गेली.

"साडेपाच," ती उठत म्हणाली. "सगळे बराबर."

मग तिने हात पुढे केला, टोक घेतलं आणि चालत वावराच्या त्या टोकाला गेली. लोटू नेहमीसारखा ओरडणार होता, पण त्याच्या आधी तिकडूनच हाक आली.

"पप्पा," तिकडून कोमल ओरडली, "ताणून धरा!"

लोटूने दोन्ही हातांनी दोरी ताणून धरली.